प्लास्टिकमधली पदवी

नमिता मढवीने ते गाव कधी पाहिलं नव्हतं, पण तिथल्या एका रस्त्यावरून ती रोज दुपारी फिरून येत असे.

जेवणं आटोपली, आई भांडी पालथी घालून आडवी झाली आणि आजी दारातल्या पायरीवर मिश्री लावत बसली, की नमिता खिडकीशी भिंतीला टेकून मोबाइलवर नकाशा उघडायची. व्हिएतनामचा लांबच लांब किनारा. बोटाने तो हळूहळू सरकवत नेला की एका ठिकाणी अर्ध्या बांगडीसारखं वळण लागे, आणि त्या वळणात ते गाव. मोठा म्हणावा असा एकच रस्ता. रस्त्याच्या टोकाला पिवळ्या भिंतींची बसकी शाळा. कुणीतरी कधीतरी काढलेल्या फोटोत शाळेच्या फाटकाला एक सायकल टेकवून ठेवलेली होती. नमिता मनातल्या मनात त्या सायकलीपर्यंत चालत जाई. मग फाटक, मग व्हरांडा, मग वर्ग. वर्गात मुलं असत, पण त्यांचे चेहरे काही केल्या स्पष्ट होत नसत. काळ्याभोर केसांच्या रांगा तेवढ्या दिसत. ती खडू उचलून फळ्यावर आपलं नाव लिहायला घेई, आणि तेवढ्यात बाहेर कोपरखैरण्याच्या रस्त्यावर एखादी बस करकचून थांबे. फळा, खडू, मुलं सगळं विरून जाई. समोर बोनकोड्याची गल्ली, वाळत घातलेले कपडे आणि मे महिन्याचं ऊन.

शाळेच्या मागे नकाशात पांढुरके चौकोन दिसत, एकाला एक लागून. एकदा तिने ते आजीला दाखवले. सगुणाबाईंनी मोबाइल हातभर लांब धरला आणि डोळे बारीक केले.

"अगो, ही तर मिठागरं!"

"नाही गं आजी, शेतं असतील."

"मना शिकवतंस? चाळीस वर्सं पाय खारवले मी. ह्ये बग, हिकडनं पानी घेतात, हिकडं तापवतात, आन् हितं मीठ धरते. तिथंपन मीठच पिकवतात, मंग कशाला जातंस येवड्या लांब? मिठागरं हितंच व्हती की."

"होती ना आजी. आता तिथे सेक्टर आहे."

"ते पन खरंच," असं म्हणून आजीने मोबाइल परत केला, पण मान वळवून पुन्हा एकदा बघितलंच.

नमिता बावीस वर्षांची. वाशीच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी. ए. झाली, पहिल्या वर्गात. मढवींच्या घरातली ती पहिली पदवीधर. कॉलेज संपल्यावर तिने इंग्रजी शिकवण्याचा एक अभ्यासक्रम घरबसल्या पुरा केला, गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, आणि बाहेरच्या देशांतल्या शाळांना अर्ज पाठवायला लागली. सतरा अर्ज गेले. चौदा ठिकाणांहून उत्तरच आलं नाही, दोन ठिकाणांहून नकार आला. सतरावा होकार होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने व्हिडिओ कॉलवर तिची मुलाखत घेतली. बाईंचं नाव होआ. सावकाश, शब्द निवडून बोलणाऱ्या. व्याकरणाचं, पगाराचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या गावात समुद्र आहे का?"

"होता," नमिता म्हणाली. "आता खाडी आहे. तीही इमारतींच्या मागे गेली."

होआबाई हसल्या. "आमची मुलं लाजाळू आहेत. पण समुद्राबद्दल विचारलं की बोलतात. हे लक्षात ठेवा."

नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं. हजर व्हायचं एक सप्टेंबरला. पण तिथल्या सरकारचा परवाना आणि व्हिसा मिळायचा तर सगळे कागद तीस जूनच्या आत शाळेकडे पोहोचायला हवे होते: पोलिसांचा दाखला, डॉक्टरचा दाखला, शिकवण्याच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र, आणि सगळ्यांत महत्त्वाची पदवी. पदवीच्या मूळ कागदावर तीन शिक्के लागणार होते. पहिला राज्य सरकारचा, दुसरा केंद्राचा, तिसरा त्या देशाच्या वकिलातीचा. पहिला बसल्याशिवाय दुसरा नाही, दुसऱ्याशिवाय तिसरा नाही. एक जरी हुकला तर ही जागा दुसऱ्या कुणाला जाणार, हे पत्रात नम्र शब्दांत पण स्पष्ट लिहिलेलं होतं.

नमिताला पदवीची काळजी नव्हती. या घरात कागद जितका जपला जातो तितका बोनकोड्यात कुठेच जपला जात नाही, हे तिला माहीत होतं. ते तिच्या वडिलांमुळे.

शिवा मढवी पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात सव्वीस वर्षं प्लास्टिकच्या पिशव्यांना सील मारायच्या मशीनवर होता. पण कागदाचं वेड त्याच्या आधीचं. नवी मुंबई वसवायला यांची शेतं गेली. पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत द्यायचं ठरलं, तेव्हा शिवाच्या वडिलांनी माळ्यावरची लाकडी पेटी खाली काढून उघडली. जमिनीच्या कागदाच्या जागी वाळवीने केलेला भुगा होता. नक्कल काढायला, ती जमीन आपलीच होती हे सिद्ध करायला नऊ वर्षं हेलपाटे घातले. भूखंड मिळाला, पण म्हातारा त्याच्या दीड महिना आधी गेला. चार भावांत वाटणी होऊन शिवाच्या वाट्याला हे दोन खोल्यांचं घर आलं. तेव्हापासून वाळवी, ओल आणि उंदीर हे शिवाचे तीन वैरी.

सीलच्या मशीनवर रोज प्लास्टिक हाताळणाऱ्या माणसाला त्यावरचा उपाय सुचला यात नवल नाही. एक झेरॉक्सचं दुकान बंद पडलं तेव्हा त्याने तिथलं जुनं लॅमिनेशन मशीन उचललं आणि घरी आणलं. मग काही शिल्लक राहिलं नाही. रेशन कार्ड, लाइटबिलं, नमिताच्या लशींचं कार्ड, तिचं पहिलीचं प्रगतिपुस्तक, आजीच्या डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी, सगळं प्लास्टिकमध्ये. एकदा तर त्याच्या बायकोने, सुनयनाने, वाण्याची यादी लिहून ओट्यावर ठेवली होती, ती संध्याकाळी तिला कडक आणि चकचकीत होऊन मिळाली. गल्लीतले लोकही आपापले कागद घेऊन येत. शिवा हसतमुखाने करून द्यायचा. म्हणायचा, "आता पुरात टाका न्हाय तर वाळवीच्या ताटात वाडा. काय व्हनार न्हाय."

एकवीस फेब्रुवारीला, शुक्रवारी, नमिताने कॉलेजातून पदवी आणली. शिवा पहिली पाळी करून चार वाजता घरी आला. त्याने साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. नवा टॉवेल काढून पुसले. पदवी मशीनमध्ये सरकवताना त्याने श्वास धरून ठेवला होता. कागद पलीकडून बाहेर आला तो आरशासारखा. एक सुरकुती नाही, एक बुडबुडा नाही. आजीने त्यात आपलं तोंड पाहून पदर सारखा केला.

म्हणून सहा मेला, मंगळवारी, नमिता पहिल्या शिक्क्यासाठी मुंबईच्या सरकारी कार्यालयात गेली ती अगदी निर्धास्त मनाने. खिडकीपाशी नंबर लागेपर्यंत ती गावात फिरत होती. आज तिने रस्त्याच्या कडेला एक खाणावळ शोधली होती आणि तिथे काय मागायचं याचा विचार करत होती. नंबर आला, तिने पदवी पुढे केली. खिडकीतल्या बाईंनी ती उलटी केली, सुलटी केली, आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे लॅमिनेट कोणी केलं गं?"

"वडिलांनी."

"अगं, आमचा शिक्का मागच्या बाजूला बसतो. प्लास्टिकवर कसा मारू? कागद मोकळा हवा."

"काढून आणलं तर?"

"काढून आण. पण फाटलेला नको, अक्षर गेलेलं नको, सही तर मुळीच गेलेली नको. नाहीतर विद्यापीठातून दुसरी प्रत काढ. अडीच-तीन महिने धरून चाल." बाईंनी पदवी दोन्ही हातांनी परत दिली. आवाज मायेचा होता, आणि त्यामुळेच नमिताला तिथे उभं राहवेना.

तीन महिने म्हणजे ऑगस्ट. तीस जून तेव्हा कधीच उलटून गेलेला असणार.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. पुलाखाली खाडीचं पाणी उन्हात पत्र्यासारखं पडलं होतं. तिने डोळे मिटले आणि रोजच्यासारखी रस्त्याने निघाली. रस्ता दिसत होता, खाणावळ होती, शाळाही होती. पण सगळ्या गावाला कुणीतरी प्लास्टिकमध्ये घालून चारी कडांनी सील मारलं होतं. दिसत होतं सगळं, हात कशालाच लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती कोपरखैरण्यातल्या दिनानाथकाकांच्या दुकानात गेली. तीस वर्षं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं काम करणारा माणूस. त्यांनी पदवीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"शिवाचं काम. सांगायला नको. कड बघ, सुरीसारखी. आमच्याकडचं असतं तर एव्हाना कोपऱ्यातून आपोआप सुटलं असतं."

"काढता येईल का काका?"

"येईल. पण मी हात लावणार नाही. मागच्या वर्षी एकाची काढली. डिग्री राहिली कागदावर आणि सही गेली प्लास्टिकबरोबर. तो अजून माझ्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जातो." मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "वडिलांना सांगितलंस?"

नमिताने मान हलवली. नाही.

सांगणार तरी कसं? मंगळवारी संध्याकाळी शिवाने दारातूनच विचारलं होतं, "झालं काम?" ती म्हणाली होती, "पुढची तारीख दिलीय." आणि तो आजीकडे वळून म्हणाला होता, "बगितलंस आय? कागद जपला म्हनून काम व्हतंय. आज बाबा असता तर." नमिता पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेली होती.

चार दिवस तिने ते पोटात ठेवलं. त्या चार दिवसांत ती नकाशा उघडायची, पण गावात जायची नाही. वरून, पक्ष्यासारखी, नुसती बघत राहायची.

शनिवारी दहा तारखेला दुपारी कुरिअरने शिकवण्याच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र आलं. नमिता आंघोळीला गेली होती. बाहेर आली तर शिवा मशीन लावून बसलेला, लाल दिवा हिरवा व्हायची वाट बघत, आणि प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पाकिटात अर्धं सरकवलेलं.

"पप्पा, नको!"

ती एवढ्या मोठ्याने ओरडली की सुनयना ओट्यापाशी होती ती कालथा हातात घेऊनच बाहेर आली.

"काय झालं? शॉक लागला का कुनाला?"

नमिताने पाकीट ओढून घेतलं आणि मग तिला रडूच आलं. रडत रडत तिने सगळं सांगितलं. खिडकी, शिक्का, मागची बाजू, तीन महिने, दिनानाथकाका, ती गेलेली सही.

मशीनचा दिवा हिरवा झाला. शिवाने हात लांब करून बटण बंद केलं.

"मागच्या बाजूला मारतात?"

"हो."

"मना वाटलं कागद म्हंजे पुडची बाजू," तो म्हणाला. एवढंच. त्या दिवशी घरात आमरस होता. शिवाने वाटी पुढे सरकवली ती तशीच राहिली.

"चार दिस बोलली न्हाईस," रात्रीची भाकरी वाढताना सुनयना लेकीला म्हणाली. "तुज्या पप्पाला काय बोलनार व्हतं का कुनी?"

"म्हणूनच नाही बोलले," नमिता म्हणाली.

रविवारी सकाळी ती उठली तेव्हा बाहेरच्या खोलीत जमिनीवर घरातले सगळे लॅमिनेट केलेले कागद ओळीने मांडलेले होते. शिवा मध्ये मांडी घालून बसला होता. शेजारी इस्त्री.

"डिग्रीला हात लावायचा न्हाय अजून," तो म्हणाला. "आदी शिकू. मी लावायला शिकलो ना? मंग काडायलापन शिकंन."

पहिलं गेलं एक लाइटबिल. वर फडकं घालून इस्त्री फिरवली, प्लास्टिक ओढलं, आणि आकडे सगळे प्लास्टिकला चिकटून आले.

"बरं झालं," सुनयना म्हणाली, "आता भरायला नको." पण कुणी हसलं नाही.

दुसऱ्या बिलाला त्याने ताप कमी ठेवला, तर कागदच मधून दुभंगला. नुसता पापुद्रा हातात आला. सोमवारी कामावरून येताना तो सीलच्या मशीनपाशी घालवलेला अख्खा दिवस डोक्यात घेऊन आला. गरम हवा पाहिजे, इस्त्री नको. नमिताच्या मैत्रिणीचं, दीक्षाचं, केस वाळवायचं मशीन मागून आणलं. त्या दिवशी डॉक्टरची चिठ्ठी गेली. मंगळवारी लशींचं कार्ड. बुधवारी त्याने पहिलीचं प्रगतिपुस्तक पुढे ओढलं तेव्हा नमिता म्हणाली, "राहू दे पप्पा."

"तू पहिलीत पास झालीस ते सगळ्यांना म्हाईत हाय," शिवा म्हणाला.

प्रगतिपुस्तक आधीच्या सगळ्यांपेक्षा बरं सुटलं, पण शेवटच्या कोपऱ्यात पुन्हा कागद उचलला गेला. आजी इतके दिवस पायरीवरून हे पाहत होती. ती आता उठून आत आली आणि लेकाच्या समोर बसली.

"शिवा, तू वर उचलतंस."

"मंग कसं काडू आय?"

"मीठ धरलं की आमी काय करायचो? फळी आडवी धरून वडत आनायचो. सपाट. कोन नवी बाय आली की वर उचलायची, आन् मिठाबरोबर खालचा चिखल यायचा. मुकादम शिव्या द्यायचा. वर नको उचलू. मागं वड. आपल्याच अंगावर गुंडाळत आन."

शिवा तिच्या हातांकडे बघत राहिला. तिने हवेतच करून दाखवलं होतं. तळवे जमिनीला समांतर, सावकाश आपल्याकडे.

नमितालाही ते दिसलं. आजी बसली होती ती फरशी पांढरी झाली, पाण्याचा पातळ पडदा तिच्यावर थरथरला, आणि उन्हात वाकलेल्या बायका, गुडघ्यापर्यंत लुगडी खोचलेल्या, लांब दांड्यांच्या फळ्या ओढत मागे मागे सरकत राहिल्या. ते मिठागर इथलं होतं की शाळेमागचं, तिला सांगता आलं नसतं.

गुरुवारी लग्नाची एक जुनी पत्रिका अख्खी सुटली. अक्षरसुद्धा हललं नाही. सुनयनाने टाळी वाजवली. शिवा मात्र खूश नव्हता.

"पत्रिका पातळ हाय. डिग्रीचा कागद जाड, वरती सोनेरी छापलंय. त्याला ताप येगळा लागंल." तो उठला आणि भिंतीवरच्या खिळ्यावरून एक चौकट काढून आणली. कारखान्याने दिलेलं प्रमाणपत्र होतं ते, 'उत्कृष्ट कामगार', चौदा वर्षांपूर्वीचं. तेही लॅमिनेट केलेलं. जाड कागद, वर सोनेरी बोधचिन्ह, खाली मालकाची सही. त्याच्या नावाचं तेवढंच एक प्रमाणपत्र.

"पप्पा, ते नको."

"मंग कनचं? डिग्रीच्या जाडीचा दुसरा कागद घरात हाय का? सांग."

"तुमचं नाव आहे त्यावर."

"नाव माज्या आधार कार्डावरपन हाय."

त्याने ते मधोमध दोन तुकड्यांत कापलं, कारण दोन वेळा करून बघता आलं पाहिजे. वरच्या तुकड्यावर नाव होतं. गरम हवा, सपाट ओढ, सगळं बरोबर. पण ताप जरासा जास्त झाला. प्लास्टिक सुटलं तेव्हा सोनेरी चिन्ह आणि 'शिवा' ही दोन अक्षरं त्याच्याबरोबर आली. त्याने तो तुकडा खिडकीशी धरला. उजेडात, हवेत, त्याचं नाव लोंबकळत होतं, आणि कागदावर तिथे नुसता खरबरीत पांढरा ठसा.

"वीतबर लांब पायजे," तो म्हणाला. आपल्या वितीने त्याने अंतर मोजून दाखवलं, केस वाळवायचं मशीन आणि कागद यांच्यामधलं. "मी जवळ धरलेलं."

खालचा तुकडा मालकाच्या सहीसकट स्वच्छ सुटला.

अठरा मेचा रविवार. सकाळचे सात. ऊन चढायच्या आत करायचं असं ठरलं होतं. पंखा बंद, खिडक्या बंद. शिवाने फरशीवर धुतलेली चादर अंथरली आणि पदवी तिच्यावर ठेवली. सुनयनाने देवापुढे दिवा लावला आणि ती तिथेच पाठ करून बसली. तिला बघायचं नव्हतं.

"मी तापवतो," शिवा म्हणाला. "तू वड."

"मी? पप्पा, मला नाही जमणार. तुम्हीच."

"एका हाताने तापवून दुसऱ्याने वडता येत न्हाय. कागद मोठा हाय." त्याने केस वाळवायचं मशीन उचललं. "सही तुजी नसली तरी डिग्री तुजी हाय. बस."

ती बसली. कड कापली. गरम हवा आली, कोपरा मऊ पडला, आणि तिने प्लास्टिक धरलं. आधी मागची बाजू. वर नाही, मागे. आजी पायरीवरून आत न बघता म्हणत होती, "घाय नको. घाय नको गो." चिकटलेला थर सुटताना एक बारीक, ओला आवाज येत होता, ओहोटीला चिखलातून येतो तसा. नमिताला आजूबाजूचं काही दिसेनासं झालं. फक्त सरकत जाणारी एक रेघ. रेघेच्या अलीकडे चकाकी, पलीकडे साधा, मुका, खराखुरा कागद. तिला वाटलं, अशीच किनाऱ्यावरची लाट मागे जाते आणि वाळू उघडी पडते. त्या वळणदार किनाऱ्यावर ती अनवाणी उभी होती, आणि पाणी तिच्या बोटांतून मागे मागे जात होतं.

"थांब!" शिवा म्हणाला.

ती भानावर आली. मागच्या बाजूला एका जागी, नखाएवढ्या, कागदाचे तंतू उभे राहिले होते. शिवाने हवा बंद केली. मग त्याने सांगितलं, दुसऱ्या कडेने ये. ती दुसऱ्या कडेने आली. मागची बाजू सुटली.

पुढच्या बाजूला सही येईपर्यंत आठ वाजून गेले होते. सहीपाशी शिवाने मशीन वीतभर लांब धरलं, मग आणखी थोडं लांब नेलं. नमिताने सपाट, मागे ओढत आणलं. सहीची पहिली वेलांटी, मधला फराटा, शेवटचा ठिपका. सगळं कागदावर.

प्लास्टिक पूर्ण सुटून तिच्या मांडीवर पडलं तेव्हा शिवाने विचारलं, "अक्षर गेलं का कुठं?" त्याने डोळे मिटलेले होते.

"नाही पप्पा. मागे फक्त थोडं खरबरीत झालंय."

"खरबरीत चालंल?"

ते कुणालाच माहीत नव्हतं.

मंगळवारी, वीस तारखेला, शिवाने रजा टाकली आणि तिच्याबरोबर मुंबईला गेला. कार्यालयात एकालाच आत सोडत होते, म्हणून तो बाहेर झाडाखाली थांबला. खिडकीत त्याच बाई होत्या. त्यांनी नमिताला ओळखलं की नाही कळलं नाही, पण कागद ओळखला.

"काढलंस? कुठे काढून घेतलंस?"

"घरी. वडिलांनी आणि मी."

बाईंनी पदवी उजेडात धरली. पुढची बाजू वाचली, नाव, वर्ष, सही. मग उलटी केली आणि पाठीवरून अंगठा फिरवला. तो अंगठा त्या नखाएवढ्या जागेवर येऊन थांबला. नमिताच्या कानांत गरम हवेचा आवाज सुरू झाला. बाईंनी कागद शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना दाखवला, दोघं डोकी जवळ आणून काहीतरी बोलले. साहेबांनीही अंगठा फिरवला. ते दोन मिनिटांचं असेल. नमिता त्या वेळात कुठेच फिरायला गेली नाही. त्या काचेपाशीच, दोन पायांवर, उभी राहिली.

"फाटलेला नाहीये," साहेब म्हणाले. "घ्या."

बाईंनी खरबरीत जागा सोडून, जरा वर, शिक्का टेकवला आणि दाबला. निळी शाई कागदात हळूच शिरली.

ती बाहेर आली तेव्हा शिवा झाडाखाली नव्हता. जरा पुढे, फुटपाथच्या कठड्यापाशी, तो एका बाईशी बोलत होता. बाई उरणहून आली होती, लेकीची नर्सिंगची पदवी घेऊन. नमिताच्या दोन नंबर आधी ती खिडकीवरून परत फिरली होती. तिच्या हातातली पदवी उन्हात आरशासारखी चमकत होती.

"किती वर्सं झाली लॅमिनेशनला?" शिवा विचारत होता.

"तीन झाली असतील."

"तीन. मंग येळ लागंल. गोंद जुना झालाय. पन निगंल. एक करा, कुनी सांगितलं तरी इस्त्री लावू नका. इस्त्री अजिबात नको. रविवारी पोरीला घेऊन या. बोनकोड्याला, देवळाच्या मागं."

त्याने नमिताकडे पाहिलं. तिने पदवीची मागची बाजू त्याच्यासमोर धरली. त्याने हात पुढे केला, मग शाई ओली असेल म्हणून मागे घेतला, आणि नुसतं वाकून बघितलं. मग पुन्हा त्या बाईकडे वळला.

नमिता कठड्याला टेकून उभी राहिली. तिने होआबाईंना कळवलं की पहिला शिक्का मिळाला, दोन राहिले. तिकडे दुपार कलली असणार. उत्तर लगेच आलं. आधी अभिनंदन, आणि खाली वेगळं एक वाक्य: माझी आई विचारते आहे, तुम्ही मासे खाता का?

नमिता हसली. तिने लिहिलं, "रोज." मग वडिलांना हाक मारली, कारण दीडची बस सुटायला आली होती आणि ते अजून त्या बाईला तळवे सपाट धरून दाखवत होते.